गाडी कुणी घेतली ते सोडा, केली कुणी? : ड्यूसेनबर्ग, मिलर, स्टुट्झ आणि मंडळी

सायलेन्सर

जुन्या गाड्यांच्या फोटोंच्या धाग्यावर परवा कुणीतरी ड्यूसेनबर्ग मॉडेल जे ही जुनी अमेरिकन उंची गाडी टाकली. खाली ढीगभर प्रतिसाद आले: अमुक नटाकडे होती, तमुक राजाकडे होती, लिलावात इतक्याला गेली. ती गाडी केली कुणी, यावर एक ओळ नाही. म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत ज्या अव्वल उंची गाड्या झाल्या, त्यांतल्या सर्वांत धाडसी गाड्या रेसट्रॅकवर घडल्या. त्या घडवणारे बरेचसे लोक लेथवर उभं राहून शिकलेले होते, कॉलेजात नव्हे. आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून स्वतःचीच कंपनी निसटली.

सुरुवात फ्रेड आणि ऑगस्ट या ड्यूसेनबर्ग बंधूंपासून. जन्म जर्मनीतल्या लिपे भागात, लहानपणीच आईबरोबर अमेरिकेत आयोवाला आले. फ्रेडचं शिक्षण म्हणजे शेतीची यंत्रं दुरुस्त करणं आणि मग सायकली. सायकली बनवायचा आणि त्यावर शर्यतीही मारायचा. १९०६ च्या सुमारास डे मॉइनच्या मेसन नावाच्या वकिलाने पैसे घातले आणि 'मेसन' गाडी निघाली. पुढे ती कंपनी मेटॅगने घेतली. हो, तेच वॉशिंग मशीनवाले. १९१३ मध्ये भावांनी सेंट पॉलला स्वतःचं दुकान थाटलं. युद्ध आल्यावर न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावी मोठा कारखाना उभा राहिला, तिथे एट्टोरे बुगाटीचं सोळा सिलिंडरचं विमानाचं इंजिन बनवायचं काम मिळालं. हे लक्षात ठेवा, बुगाटी पुन्हा येणार आहे.

आता मुख्य गोष्ट. जुलै १९२१, ल मान्स, फ्रेंच ग्रां प्री. चार ड्यूसेनबर्ग जहाजाने तिकडे गेल्या. तीन लिटर, सरळ रांगेत आठ सिलिंडर, आणि चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक. त्या काळी बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तेही सळ्या आणि दोऱ्यांवर. फ्रेडच्या ब्रेकमध्ये ग्लिसरीन आणि पाण्याचं मिश्रण होतं आणि ते पोकळ पुढच्या ॲक्सलमधून चाकांपर्यंत जायचं. ड्यूसेनबर्गचा ड्रायव्हर जिमी मर्फी सरावातच उलटला, बरगड्यांना मार. शर्यतीच्या दिवशी छाती पट्ट्यांनी आवळून गाडीत बसला. रस्ता खडीचा. पुढच्या गाडीच्या चाकाखालून दगड सुटले की गोळीसारखे यायचे. शेवटाकडे एका दगडाने मर्फीचा रेडिएटर फोडला. पाणी संपलं, टायर गेला, इंजिन उकळत होतं, आणि तसाच तो बॅलो या फ्रेंच गाडीतल्या डी पाल्माच्या सुमारे पंधरा मिनिटं आधी पोचला. अमेरिकन ड्रायव्हर, अमेरिकन गाडी, युरोपातली ग्रां प्री. असं पुन्हा घडायला १९६७ साल उजाडावं लागलं, डॅन गर्नी आणि त्याची ईगल, बेल्जियममध्ये.

त्याच वर्षी हेच ब्रेक आणि आठ सिलिंडरचं इंजिन घेऊन मॉडेल ए ग्राहकांच्या हातात गेलं. ट्रॅकवरून शोरूममध्ये म्हणतो ते यासाठी.

आणि त्या वेळी कंपनीत फ्रेडचं स्थान काय? पगारी इंजिनिअर. नाव दारावर, मालकी दुसऱ्यांची. १९२४ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या (कोर्टाने नेमलेल्या कारभाऱ्याच्या) ताब्यात गेली, १९२६ मध्ये ऑबर्न गाड्यांवाल्या ई. एल. कॉर्डने विकत घेतली.

मिलर आणि स्टुट्झवर प्रतिसादांत लिहितो.

पिस्टनपंत

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). मर्फीची गोष्ट भन्नाट. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

खडूस

लेख चांगला, पण हा 'बिचारा कारागीर' सूर नको. फ्रेड ड्यूसेनबर्गला धंदा कळत नव्हता हे सरळ सांगा की. गाडी जाहीर केली १९२० मध्ये, पहिली गाडी ग्राहकाला मिळेपर्यंत १९२१ संपत आलं. मधल्या काळात फ्रेड काय करत होता? सुधारणा! डिझाइन बदलत बसला. कुठला भांडवलदार थांबेल?

आणि कारागीर असूनही पैसे राखलेले लोक होतेच. हेन्री फोर्ड. १० ऑक्टोबर १९०१ ला ग्रोस पॉइंटच्या घोड्यांच्या ट्रॅकवर त्याने अलेक्झांडर विंटनला हरवलं, तेव्हा गाड्या बनवणारा विंटन केवढा मोठा माणूस! त्या एका शर्यतीवर फोर्डला गुंतवणूकदार मिळाले. पुढे '९९९' केली, बार्नी ओल्डफिल्डला त्यात बसवलं, नाव कमावलं आणि मग शर्यतींचं खूळ बाजूला ठेवून धंदा केला. याला म्हणतात अक्कल.

सायलेन्सर

खडूसराव, फोर्डने उंची गाडी केली असती तर तुमचा मुद्दा मानला असता. त्याने मॉडेल टी केली, सामान्यांची स्वस्त गाडी.

फिटर_नाना

इंजिन रिपेअरच्या धंद्यात हयात गेली म्हणून दोन शब्द मिलरबद्दल. सायलेन्सर लिहिणार आहेतच, पण धातूचा भाग मी घेतो.

हॅरी मिलर हा विस्कॉन्सिनचा, लॉस एंजेलिसला कार्ब्युरेटर बनवायचा. अमेरिकन रेसिंगचा पुढचा सगळा प्रवास एका फुटलेल्या इंजिनापासून सुरू होतो. रेस ड्रायव्हर बॉब बर्मनची प्यूजो ही फ्रेंच गाडी १९१५ मध्ये मोडली. ही प्यूजो साधी नव्हे. डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे), दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा), अशी रचना तिथूनच जगाला मिळाली. युरोपात युद्ध, सुटे भाग येणार कुठून? बर्मनने ते इंजिन मिलरच्या दुकानात टाकलं, आणि फ्रेड ऑफेनहाउझर नावाच्या टर्नरने ते खोलून माप घेऊन जवळजवळ नवीनच बांधलं. आमच्या धंद्यात म्हण आहे, दुसऱ्याचं इंजिन खोलणं म्हणजे फुकटची शाळा. इथे ती शाळा साठ वर्षं पुरली.

पुढे मिलरची स्वतःची इंजिनं आली. त्यांत सिलिंडर ब्लॉक आणि हेड एकसंध ओतलेलं. म्हणजे मधे सांधा बंद करणारं हेड गॅस्केट नाही! दाब कितीही वाढवा, उडायला काही नाहीच. पण किंमत अशी की व्हॉल्व्ह बसवायचे ते बोअरमधून, म्हणजे सिलिंडरच्या भोकातून, खालून हात घालून. व्हॉल्व्ह घासायचाही तसाच, अंधारात चाचपडत. क्रँककेस, म्हणजे क्रँक हा मुख्य दांडा ज्यात फिरतो ती पेटी, पिंपासारखी, दुभंगणारी नाही. क्रँक बेअरिंगांसकट टोकाकडून आत सरकवायचा. असं इंजिन जुळवणारा माणूस घाईतला असून चालत नाही.

अमृता_दे

नाना, हे वाचून पहिल्यांदाच इंजिनाबद्दल काही कळलं. एक प्रश्न: मग ड्रॉइंग कोण काढायचं? मिलर स्वतः?

सायलेन्सर

नाना, दंडवत. अमृता, प्रश्न मार्मिक आहे.

मिलर ड्रॉइंग काढायचा नाही. तो दुकानात यायचा आणि सांगायचा, असं असं पाहिजे. कागदावर उतरवायचा लिओ गूसेन. हा पूर्वी ब्यूकमध्ये होता, क्षय झाला म्हणून कोरड्या हवेसाठी पश्चिमेकडे आला आणि १९१९ मध्ये मिलरकडे लागला. गूसेन आखणार, ऑफेनहाउझर घडवणार, मिलरचं नाव लागणार. पण मिलर नुसता नावाचा धनी होता असं म्हणू नका. त्याला डोळा होता. त्याच्या गाड्या बघा: चालकाच्या खांद्याएवढी अरुंद बॉडी, एकही बोल्ट वावगा नाही, आतून न दिसणारे भागसुद्धा घासून चकचकीत केलेले. शर्यतीत त्याचा उपयोग शून्य, वेळ आणि पैसा मात्र भरपूर जायचा. मिलर बुडाला त्याची कारणं शोधायची तर सुरुवात इथून करा.

गंमत म्हणजे ड्यूसेनबर्ग आणि मिलर हे प्रतिस्पर्धी एकाच गाडीत भेटले. मर्फीने ल मान्स जिंकलेली ती ड्यूसेनबर्ग स्वतः विकत घेतली, इंजिन काढून मिलरचं बसवलं आणि १९२२ ची इंडियानापोलिस ५०० ही पाचशे मैलांची शर्यत जिंकली. ऑगस्ट ड्यूसेनबर्गला ते कसं वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा.

१९२६ मध्ये नियमाने इंजिन दीड लिटरवर आणलं आणि मिलर ९१ आली. ९१ म्हणजे ९१ घनइंच. सुपरचार्जरसह (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) सुरुवातीला दीडशेच्या वर अश्वशक्ती, नंतर ड्रायव्हर फ्रँक लॉकहार्टने त्यातून अडीचशेच्या पुढे काढली. किंमत मागच्या चाकांवर चालणारीची १०,००० डॉलर, पुढच्या चाकांवर चालणारीची १५,०००. लॉकहार्ट १९२६ ला इंडियानापोलिसला पहिल्यांदाच उतरला आणि जिंकला. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर त्याने याच दीड लिटरच्या गाडीत ताशी १६४ मैलांची सरासरी गाठली. दीड लिटर! आज आपल्या घरासमोरच्या सेडानचं इंजिन तेवढं असतं.

बाजारभाव

स्टुट्झवर कुणी लिहीत नाही तोवर मी माझा कोपरा पकडतो. पुढे कळेल कोपरा का म्हणतोय.

हॅरी स्टुट्झ, ओहायोचा. १९११ मध्ये पहिली इंडियानापोलिस ५०० झाली तेव्हा त्याने नवीकोरी गाडी थेट शर्यतीत उतरवली. अकरावी आली. आता अकरावा नंबर म्हणजे काय मोठं? पण नवी गाडी मोडतोड न होता ५०० मैल पळाली, ही जाहिरात त्याने अशी वापरली की 'एका दिवसात नाव काढलेली गाडी' हेच ब्रीद झालं. मग बेअरकॅट आली. दोन बसायच्या जागा, मागे पेट्रोलची टाकी, दार नाही, छप्पर नाही. १९१५ मध्ये कॅननबॉल बेकरने बेअरकॅट सॅन डिएगोहून न्यूयॉर्कला साडेअकरा दिवसांच्या आत नेली, तेव्हा तिकडे धड रस्तेही नव्हते.

आता शेअरची गोष्ट. कंपनीची सूत्रं ॲलन रायन या वॉल स्ट्रीटवाल्याकडे गेली. १९१९ मध्ये स्टुट्झ स्वतः बाहेर पडला. १९२० च्या सुरुवातीला शेअर शंभराच्या आसपास होता. मंदीवाल्यांनी शॉर्ट करायला सुरुवात केली, रायन समोर येईल तो प्रत्येक शेअर उचलत गेला. मार्चअखेर भाव ३९१! म्हणजे ज्यांनी शेअर हातात नसताना विकले होते त्यांना ते परत द्यायला बाजारात शेअरच उरला नाही, सगळे रायनकडे. याला कॉर्नर म्हणतात. शेअर बाजाराने व्यवहारच थांबवले. शेवटी मंदीवाल्यांनी ५५० च्या भावाने हिशेब मिटवला. रायन जिंकला ना? जिंकला आणि मेला. सगळे शेअर गळ्यात, कर्ज बँकांचं, विकायला बाजार नाही. १९२२ मध्ये दिवाळं. कंपनी पोलादवाल्या चार्ल्स श्वाबच्या गटाकडे गेली.

या सगळ्या उलाढालीत एक गाडी जास्त बनली का? नाही.

खडूस

हे आवडलं. पण यात स्टुट्झचं नुकसान कुठे झालं? तो तर आधीच पैसे घेऊन निघून गेला होता, एच.सी.एस. नावाची दुसरी कंपनी काढली. १९२३ ची इंडियानापोलिस जिंकणाऱ्या गाडीवर एच.सी.एस. स्पेशल असं नाव होतं.

सायलेन्सर

नाव होतं. आतली गाडी मिलरची होती, टॉमी मिल्टन चालवत होता. 😄

पिस्टनपंत

हा धागा म्हणजे 'नाव एकाचं, काम दुसऱ्याचं' यादीच होत चाललाय.

सायलेन्सर

पंत, मग लुई शेव्हरोलेला विसरून कसं चालेल. स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावचा. शर्यतीतला दणकट ड्रायव्हर. १९११ मध्ये जनरल मोटर्सवाल्या ड्युरंटने त्याच्या नावाने कंपनी काढली. दोन-तीन वर्षांत लुई बाहेर, नाव आत. मग भाऊ आर्थर आणि गॅस्टन यांच्याबरोबर फ्रॉन्टेनॅक काढली. १९१३ ते १९१९ इंडियानापोलिसवर प्यूजो, डेलाज, मर्सिडीज यांचंच राज्य होतं. १९२० ला गॅस्टनने ते मोडलं, शेव्हरोले बंधूंनी बांधलेल्या मनरो गाडीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेव्हर्ली हिल्सच्या लाकडी ट्रॅकवर गॅस्टन गेला. १९२१ ला फ्रॉन्टेनॅक पुन्हा जिंकली. नंतर भावांनी फोर्ड मॉडेल टी साठी रेसिंग हेड विकून दिवस काढले. जगभर शेव्हरोले गाड्या लाखांनी विकल्या जात होत्या तेव्हा लुई हलाखीत होता, १९४१ मध्ये वारला.

अमृता_दे

लाकडी ट्रॅक म्हणजे खरंच लाकडाचा? गाड्या?

इंडियानाकर

खरंच लाकडाचा. दोन-बाय-चार इंचांच्या फळ्या उभ्या कडेवर, शेजारी शेजारी खिळे मारून. वळणं इतकी उभी की पायी चढणं मुश्कील. सायकलच्या व्हेलोड्रोमवरून घेतलेली कल्पना, जॅक प्रिन्सने देशभर असे ट्रॅक बांधले. काही वर्षांत फळ्या कुजायच्या, खालून पोरं भोकातून डोकं बाहेर काढून शर्यत बघायची अशा गोष्टी जुन्या लेखांत वाचायला मिळतात. मिलरच्या सुपरचार्जरवाल्या गाड्या याच ट्रॅकवर पोसल्या गेल्या, कारण तिथे पाय सगळा वेळ दाबलेलाच.

आता मॉडेल जे बद्दल. मी इंडियानात राहतो, ऑबर्नचं संग्रहालय आमच्यापासून जवळच. ऑबर्न कंपनीच्या १९३० च्या जुन्या शोरूममध्येच ते आहे. पाहुणे आले की आम्ही नेतोच. लोक लांबलचक बॉनेट बघतात, मी पाहुण्यांना डॅशबोर्ड दाखवतो. त्यात वेगाचा काटा आहेच, शिवाय समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारा काटा, स्टॉपवॉच, आणि काही छोटे दिवे. गाडीत एक यांत्रिक पेटी आहे, गाडी किती चालली ते मोजणारी. सुमारे ७५ मैल झाले की ती पंपाने चेसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) सांध्यांना आपोआप वंगण देते. ७०० मैलांना तेल बदला म्हणून दिवा, १४०० ला बॅटरीचं पाणी तपासा म्हणून दिवा. हे १९२८ मध्ये! चिप नाही, काही नाही, सगळं दातेरी चाकांवर.

आणि ते इंजिन. ४२० घनइंच, म्हणजे ६.९ लिटर, सरळ आठ, वर दोन कॅम, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, २६५ अश्वशक्ती. नानांनी वर प्यूजोची जी रचना सांगितली, तीच इथे. फक्त आता ती हॉलिवूडच्या दारात उभी. १ डिसेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दाखवली. नुसत्या चेसिसची किंमत ८,५०० डॉलर, बॉडी वेगळी, मर्फी, लबॅरन, रोलस्टन अशा कारागिरांकडून शिवून घ्यायची. (हा मर्फी ड्रायव्हर मर्फी नव्हे, पॅसाडेनाचा बॉडीवाला.) इंजिन फ्रेडचं, पण बनवलं कॉर्डच्याच लायकॉमिंग या इंजिन कंपनीने.

खडूस

आणि दहा-अकरा महिन्यांत वॉल स्ट्रीट कोसळला. मुहूर्त!

इंडियानाकर

हो. तरीही सुमारे ४८० गाड्या गेल्या. आणि १९३२ मध्ये सुपरचार्जरवाली एसजे आली, ३२० अश्वशक्तीची. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रेड स्वतः एसजे चालवत होता, पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउनजवळच्या डोंगरात अपघात झाला. सावरतोय असं वाटत असताना न्यूमोनिया झाला आणि गेला. ऑगस्टने पुढे रेसिंगचं चालू ठेवलं. १९३५ मध्ये ॲब जेनकिन्सने बॉनेव्हिलच्या मिठागरावर ड्यूसेनबर्ग २४ तास चालवली, सरासरी ताशी १३५ मैलांच्या वर. १९३७ मध्ये कंपनी बंद.

रेवती_इंदूर

इंडियानाकर, तुमच्या गावच्या गाडीचं आमच्या गावाशी नातं आहे हो. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ड्यूसेनबर्गची लांब चेसिस मागवली आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतली. नारिंगी आणि काळी, दोनच माणसांची स्पीडस्टर. एवढ्या लांब चेसिसवर मोठं कुटुंब बसेल अशी गाडी होते, यांनी दोघांसाठी केली! पण माणिकबाग ज्यांनी पाहिली असेल त्यांना यात नवल वाटणार नाही. जर्मन आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियसकडून तो वाडा करून घेणारा माणूस गाडीही तशीच नव्या चालीची करून घेणार. आमच्या आजोळी मोठी माणसं 'महाराजांची लांब गाडी' म्हणून सांगायची, ती हीच की दुसरी ते देव जाणे, त्यांच्याकडे लांब गाड्या बऱ्याच होत्या.

पिस्टनपंत

रेवतीताई, भारी. म्हणजे चेसिस इंडियानापोलिस, बॉडी लंडन, गिऱ्हाईक इंदूर.

अमृता_दे

मला वेगळंच विचारायचंय. वरची सगळी नावं गोऱ्यांची आहेत. इंडियानापोलिसमध्ये कृष्णवर्णीय मेकॅनिक नव्हते का?

इंडियानाकर

होते, आणि हे नाव इकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असायला हवं: चार्ली विगिन्स. इव्हान्सव्हिलचा. लहानपणी गॅरेजबाहेर बूट पुसायचा, तिथून आत घेतला गेला, मेकॅनिक झाला. नंतर इंडियानापोलिसमध्ये स्वतःचं गॅरेज. भंगारातले भाग जमवून 'विगिन्स स्पेशल' बांधली. पण ट्रिपल ए ही शर्यतींची संस्था कृष्णवर्णीयांना ५०० मध्ये उतरू देत नव्हती. म्हणून १९२४ पासून त्यांची वेगळी शर्यत सुरू झाली, गोल्ड अँड ग्लोरी स्वीपस्टेक्स, राज्याच्या जत्रेच्या मातीच्या ट्रॅकवर, १०० मैल. विगिन्सने ती चार वेळा जिंकली. १९३६ च्या शर्यतीत पहिल्याच फेऱ्यांत मोठा अपघात झाला, पाय गेला. त्यानंतर लाकडी पाय लावून तरुण मेकॅनिकना शिकवत राहिला.

१९३४ ची ५०० बिल कमिंग्जने मिलर इंजिनावर जिंकली. त्याने गाडी जुळवायला विगिन्सला घेतलं होतं, आणि नियमातून सुटायला त्याला झाडूवाला म्हणून आत आणलं, असं इकडे सांगतात.

सायलेन्सर

हे मला या धाग्यात हवंच होतं. धन्यवाद. 'केली कुणी' या प्रश्नाचं सर्वांत कडू उत्तर हेच.

बाजारभाव

स्टुट्झचं शेपूट राहिलं. १९२८ चं वर्ष. कंपनीचा अध्यक्ष मॉस्कोविक्स. ल मान्सच्या २४ तासांत ब्रिसन आणि ब्लॉख यांची स्टुट्झ बेंटलीच्या नाकावर टिच्चून रात्रभर पळाली, शेवटी टॉप गिअर गेला आणि दुसरी आली. बेंटलीची चेसिस तडकलेली होती, म्हणजे दोघी लंगडत पोचल्या. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये डेटोनाच्या वाळूवर वेगाचा विक्रम करू पाहताना लॉकहार्ट गेला. स्टुट्झ ब्लॅक हॉक नावाची छोटीशी गाडी, दोन मिलर ९१ इंजिनं जोडून सोळा सिलिंडर, फक्त तीन लिटर. समोर इंग्रज लोक विमानांची अवाढव्य इंजिनं लावून विक्रम करत होते. फेब्रुवारीत गाडी समुद्रात गेली, त्याला लाटांतून बाहेर काढलं. एप्रिलमध्ये परत आला, टायर फुटला. वय २५.

फिटर_नाना

लॉकहार्टबद्दल एक. सुपरचार्जर हवा दाबतो, दाबली की हवा तापते, तापली की पातळ होते, म्हणजे दाबून मिळवलेलं अर्धं घालवलं. या पोराने मधे धातूच्या पातळ पट्ट्यांचा (फिनचा) कूलर बसवला आणि हवा गार करून इंजिनात सोडली. आज डिझेल गाडीच्या जाळीमागे इंटरकूलर दिसतो तोच. शिक्षण बेताचं, पण डोकं!

खडूस

मान्य, लॉकहार्ट मान्य. पण मिलर बुडाला त्याला मंदी एवढंच कारण नाही. १९३५ ची मिलर-फोर्ड आठवा. प्रेस्टन टकरने जुळवून आणलेला सौदा, फोर्डचे पैसे, व्ही-८ इंजिन, दहा गाड्या, वेळ अगदी थोडा. गाड्या दिसायला अप्रतिम. आणि स्टिअरिंगची पेटी कुठे? एक्झॉस्टच्या शेजारी! तापून ग्रीस गेलं, स्टिअरिंग आखडलं. चारच गाड्या पात्र ठरल्या, चारही मधेच थांबल्या. फोर्ड पुढे कित्येक वर्षं इंडियानापोलिसकडे फिरकली नाही. कारागिराने शेवटच्या महिन्यात घाई केली की असं होतं. यात भांडवलदाराचा काय दोष?

सायलेन्सर

दोष वेळेचा, आणि वेळ कुणी दिला होता? पण मिलरचं दिवाळं १९३३ मध्येच निघालं होतं, हे लक्षात घ्या. तेव्हा त्याची हत्यारं, पॅटर्न, ड्रॉइंग ऑफेनहाउझरने घेतली. चार सिलिंडरचं मिलर इंजिन तो स्वतःच्या नावाने बनवू लागला, गूसेन ड्रॉइंगवर होताच. १९३५ ला केली पेटिलो त्यावर जिंकला, आणि तेच ऑफी, ऑफेनहाउझरचं लाडकं नाव. १९४६ मध्ये ते मेयर आणि ड्रेककडे गेलं. ऑफीचा शेवटचा इंडियानापोलिस विजय १९७६ चा, जॉनी रदरफोर्ड. एका फुटलेल्या प्यूजोपासून मोजा.

मिलर शेवटपर्यंत थांबला मात्र नाही. १९३८ नंतर गल्फ ऑइलच्या पैशावर त्याने इंजिन मागे आणि चारही चाकांना गती अशा गाड्या केल्या. १९३९ ला त्यांतली एक पात्रही ठरली. इंजिन मागे, हे इंडियानापोलिसला पटायला साठचं दशक यावं लागलं. १९४३ मध्ये डेट्रॉइटला मिलर वारला.

रेवती_इंदूर

सुरुवातीला म्हणालात की बुगाटी पुन्हा येणार. आला नाही.

सायलेन्सर

बरं झालं आठवण केलीत. १९२९ मध्ये रेस ड्रायव्हर लिऑन ड्यूरे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या दोन मिलर ९१ घेऊन युरोपात गेला. मोंझाला एट्टोरे बुगाटीने त्या पाहिल्या आणि दोन्ही घेतल्या. बदल्यात स्वतःच्या तीन टाइप ४३ गाड्या आणि वर रोख रक्कम. मोल्सहाइमच्या आपल्या कारखान्यात नेऊन त्यांची हेडं अभ्यासली, आणि बुगाटीच्या पुढच्या टाइप ५० आणि ५१ या गाड्यांना वर दोन कॅमशाफ्ट आले. त्या दोन मिलर तिथेच पडून होत्या, पन्नाशीच्या दशकात एका अमेरिकन अभ्यासकाला सापडल्या.

खडूस

आणि मिलरला काय मिळालं?

सायलेन्सर

काहीच नाही. गाड्या ड्यूरेच्या होत्या, त्याने आधीच पैसे मोजून घेतल्या होत्या. टाइप ४३ घेऊन गेला तोही ड्यूरेच.